ज्याचा संसार, त्यानेच आवरावा

मोठ्या दवाखान्यातून 'आता घरी न्या' असं सांगितलं, की आमच्या हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव भागातल्या घरांत दोन गोष्टी लगेच सुरू होतात. पहिली, आजारी माणसाला खरं काय ते कळू द्यायचं नाही. दुसरी, त्याच्या माघारी घराचं, रानाचं, भांड्याकुंड्यांचं काय करायचं याची कुजबुज ओसरीवर सुरू होते. ज्याचं घर, ज्याचं रान, त्याला यातलं काहीच विचारलं जात नाही. विचारावं म्हटलं तरी तो उत्तर देण्याच्या अवस्थेत नसतो. अंगात ठणका उठलेला असतो आणि त्या ठणक्यापुढे त्याला दुसरं काही सुचत नसतं.

माझ्या मायच्या आजारपणात मी हे सगळं जवळून पाहिलं आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं. मरणाच्या वाटेवरच्या माणसाची वेदना थांबवणं ही सरकारी आरोग्यसेवेची जबाबदारी आहे. वेदना थांबल्यावर त्याला खरं सांगून त्याचा संसार त्याच्या हातानं आवरू देणं ही घरच्यांची जबाबदारी आहे. पहिली पार पडली नाही, तर दुसरी पार पडत नाही. आपण मात्र एक दवाखान्याची बाब समजतो आणि दुसरी तहसीलची.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. सासर-माहेर दोन्ही सेनगाव तालुक्यातच, त्यामुळे मायची सेवा माझ्याकडे आली. थोरला भाऊ चाकणला कंपनीत, धाकटा वाळूजला. आता हे घरोघरचं चित्र आहे. सोयाबीन, तूर, हळद यांच्यावर सगळ्यांचं भागत नाही. पोरं कंपनीत जातात आणि म्हातारी माणसं जुन्या गावठाणातलं घर धरून राहतात.

मायनं छातीतली गाठ पदराआड झाकून ठेवली होती. तिच्या पिढीच्या बायका असंच करतात. जखम फुटून पोलक्याला डाग पडायला लागले तेव्हा कुठे आम्हाला कळलं. मग धावपळ झाली. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलं, किमो झाली, लाईट दिली. पण आजार मणक्यात उतरला. एके दिवशी एका मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी थोरल्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "आता काही करण्यासारखं नाही. घरी न्या, सेवा करा." सेवा कशी करायची, दुखलं तर काय द्यायचं, जखम कशानं धुवायची, हे कोणी सांगितलं नाही. ऑपरेशन, किमो, लाईट, भरती यांचा खर्च योजना उचलते. खाटेवर पडलेल्या माणसाच्या घरी कोणी नर्स यावी, याची सोय तिच्यात नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. अंगावर वाकळ टाकली तरी माय ओरडायची. गावातले डॉक्टर भले माणूस, बोलावलं की यायचे, इंजेक्शन द्यायचे. त्यानं घटकाभर डोळा लागायचा आणि पुन्हा तेच. जखमेचा वास एवढा, की नातवंडं खोलीच्या दारातूनच परत फिरायची. भेटायला येणारे मोसंबी आणि नारळ ठेवून, नाकाला पदर लावून लवकर उठायचे. एक वाटी कोणाच्या घरी गेली तर वर्षभर ध्यानात ठेवणारी आमची माय. तिला उशाखालच्या किल्ल्यांचंही भान राहिलं नव्हतं.

थोरल्याच्या कंपनीतल्या एकानं पुण्यातल्या अशा रुग्णांसाठीच्या केंद्राबद्दल सांगितलं. गाडी करून आम्ही तिला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आधी भावाशी बोलायला नकार दिला. ते थेट मायच्या खाटेवर बसले आणि तिलाच विचारलं, "आजी, सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता.

तिला मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. दर चार तासांनी एक, घड्याळ लावून, दुखायची वाट न पाहता. या गोळीनं पोट घट्ट होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत. पहिले दोन-तीन दिवस गुंगी राहील, मळमळेल, मग कमी होईल, हेही आधीच सांगितलं आणि तसंच झालं. नर्सनं मला जखम धुवायला शिकवलं. पाणी मीठ घालून उकळायचं, गार करायचं, जखमेवर ओतायचं, घासायचं नाही. मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक कुटून तिची पूड जखमेवर पसरायची. वर मऊ सुती कापड. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. तोंड कोरडं पडलं तर ओल्या कापसानं पुसायचं. ही काही मोठी विद्या नाही. सातवी शिकलेल्या सुनेलाही जमेल. शिकवणारं माणूस मात्र लागतं.

काही दिवसांत वास गेला. सेनगावला परत आलो तेव्हा नातवंडं तिच्या खाटेवर बसून शाळेतल्या गोष्टी सांगायला लागली. जखमेसाठी मऊ कापड रोज लागायचं. जुन्या लुगड्यांइतकं मऊ कापड दुसरं नाही, म्हणून मी तिला विचारलं, लुगड्यांची पेटी उघडू का? तिनं माझ्याकडं पाहिलं.

"किल्ल्या दे इकडं."

"माय, पडून राहा की जरा."

"पडूनच हाय. आता दुखत न्हाई तवर मला बसवा आन् पेट्या समोर आना."

मग मी तिला खरं सांगितलं. डॉक्टरांनी काय सांगितलं, किती दिवस हाताशी असतील, सगळं. ती रडली नाही. म्हणाली, "मला ठावं हाय. तुमीच बोलत नव्हता." त्या दिवसापासून आमच्या घरात घर आवरण्याचं काम सुरू झालं आणि ते तिच्या देखरेखीखाली झालं.

आमचं घर जुनं, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर वडिलांनी धास्ती घेऊन माळवद उतरवलं आणि पत्रे टाकले. भिंतीत धान्याचं बळद, कोनाड्यांत पणत्या, मागच्या खोलीत रांजण, जातं, उखळ, आणि फळीवर पितळ-तांब्याची भांडी. आमच्या भागात आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरून घेतात. माय एकेक भांडं हातात घ्यायची, अंगठ्यानं नाव चाचपायची आणि सांगायची. हा तांब्या तिच्या भावाचा, ही परात आमच्या आत्याची, ही घागर वडिलांनी हळद विकून घेतली. कोणाला काय द्यायचं, हे ती त्या भांड्याच्या इतिहासावरून ठरवत होती. किमतीचा विचार तिच्या बोलण्यात नव्हताच.

एका मोठ्या तांब्याच्या हंड्यावर मात्र आमच्या घराण्याशी संबंध नसलेलं नाव होतं. मी समजत होते, बाजारातून जुना घेतला असेल. माय म्हणाली, "ह्यो आपला न्हाई." १९७२ च्या दुष्काळात शेजारच्या घरानं पायलीभर ज्वारीसाठी तो आमच्याकडे ठेवला होता. ती माणसं पुढे खडी फोडायच्या कामावर गेली आणि गावात परत आलीच नाहीत. तिनं पन्नास वर्षं तो हंडा वापरला नाही, चिंचेनं घासून ठेवला. त्या घराचा नातू हिंगोलीला असतो, हे तिनं कधीच काढून ठेवलं होतं. आम्ही त्याला बोलावून हंडा दिला. तो पोरगा माझ्या मायच्या पायाशी बसून राहिला, त्याच्या आजीबद्दल ऐकत. माय बेशुद्धीत गेली असती, तर हा हंडा आम्ही भंगारवाल्याला किलोच्या भावानं दिला असता. एका घराचं देणं आमच्या डोक्यावर राहिलं असतं आणि ते आहे हेही आम्हाला कधी कळलं नसतं.

कागदांचं तर त्याहून महत्त्वाचं आहे. आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. महसुलाचा कारभार उर्दूत चालायचा. त्यामुळे इथल्या जुन्या घरांच्या पेट्यांमध्ये उर्दू आणि मोडीतल्या पावत्या, खासरा पत्रकाच्या प्रती, शाळेचे दाखले असतात. वाचता येत नाहीत म्हणून पोरं ते रद्दीत टाकतात. २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय आला. तेव्हा हीच माणसं उकिरडे उपसायला लागली. आरक्षणाच्या त्या प्रश्नावर कोणाची बाजू काहीही असो, एक गोष्ट सगळ्यांना समजली की आजोबांच्या पेटीतला पिवळा कागद म्हणजे कचरा नव्हे. मायला वाचता येत नव्हतं. पण कोणता कागद कशाचा आहे, कोणी, कधी, कोणत्या कामासाठी आणून ठेवला, हे तिला पाठ होतं. ती सांगत गेली आणि मी प्रत्येक कागदाला चिठ्ठी लावत गेले. ज्याचा अर्थ फक्त एका माणसाच्या डोक्यात आहे, तो कागद त्या माणसासोबत जाळायचा का, हा प्रश्न प्रत्येक घरानं स्वतःला विचारला पाहिजे.

मग रानाचा विषय आला. दिवाळीत दोन्ही भाऊ आले होते. मायनं त्यांना खाटेजवळ बसवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "सातबाऱ्यावर पोरीचं बी नाव लावायचं. सहीसाठी तिला तहसीलला न्यायचं न्हाई." ती कोणत्या सहीबद्दल बोलत होती, हे आमच्या भागातल्या प्रत्येक लेकीला कळेल. आई-बाप गेले की चौदाव्यानंतर बहिणींना गाडीत बसवून हक्कसोड करायला नेतात. सही केली नाही तर माहेर तुटतं, केली तर हक्क तुटतो. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा दिला, केंद्रानं २००५ मध्ये कायदा बदलला, सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तो हक्क जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. कायदा तीनदा सांगून झाला, तरी गाडी तहसीलकडे जातेच. आमच्या घरून ती गेली नाही, कारण माय शुद्धीत होती, तिचं दुखणं थांबलेलं होतं आणि तिचा शब्द मोडायची हिंमत कोणाची नव्हती. थोरल्यानं मान हलवली. धाकटा गप्प बसला, पण पुढे वारस नोंदीच्या अर्जावर तिघांची नावं त्यानंच लिहून दिली.

म्हणून मी म्हणते, मॉर्फिनच्या गोळीचा संबंध सातबाऱ्याशी आहे, तांब्याच्या हंड्याशी आहे, बहिणीच्या हक्काशी आहे. ती गोळी माणसाला मरणापासून वाचवत नाही, पण उरलेल्या दिवसांत त्याला घरातला कर्ता माणूस म्हणून जगू देते.

आता ही गोळी सेनगावला का मिळत नाही, ते पाहू. अफूपासून मॉर्फिन बनतं. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी अफू कारखाने आहेत. म्हणजे कच्चा माल आपलाच. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेवर पायरी-पायरीनं औषध कसं द्यावं हे जगाला सांगितलं आणि तीव्र वेदनेसाठी तोंडानं घ्यायचं मॉर्फिन त्यात मुख्य ठेवलं. पण आपल्याकडे १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा आला होता. परवान्यांच्या जाचाला आणि शिक्षेच्या भीतीला कंटाळून औषध दुकानांनी आणि दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. वैद्यकीय वापर कोसळला. डॉक्टरांची एक अख्खी पिढी ही गोळी न हाताळताच तयार झाली. २०१४ मध्ये संसदेनं कायदा सुधारला आणि मान्यताप्राप्त दवाखान्यांना एकाच परवानगीवर ही औषधं ठेवण्याची वाट मोकळी केली. कायद्याची अडचण तेव्हाच कमी झाली. सवयीची अडचण अजून बाकी आहे.

महाराष्ट्राला हे काम नवीन नाही. देशातलं पहिलं असं शुश्रूषागृह, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून मोफत सेवा देतं. टाटा रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. पण हे सगळं मुंबई-पुण्याकडे. हिंगोलीच्या माणसानं रात्रभर कण्हणाऱ्या आईला गाडीत घालून तिकडे न्यायचं का? ज्याचा भाऊ चाकणला नाही, त्यानं काय करायचं?

केरळनं याचं उत्तर तीस वर्षांपूर्वी द्यायला सुरुवात केली. १९९३ मध्ये कोळिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्था उभी केली. पुढे मलप्पुरममध्ये गावोगावच्या लोकांनी स्वतः हे काम हातात घेतलं. २००८ मध्ये राज्य सरकारनं धोरण केलं आणि पंचायतींमार्फत नर्स घरोघरी जायला लागल्या. खाटेवर पडलेल्या माणसाला दवाखान्यात आणायचं नाही, दवाखाना त्याच्या घरी न्यायचा, हा त्यामागचा विचार. मोठ्या इमारती लागल्या नाहीत. प्रशिक्षित नर्स, एक गाडी, गोळ्यांचं कपाट आणि गावातली माणसं, एवढ्यावर काम उभं राहिलं.

आपल्याकडेही कागदावर सोय आहे. केंद्राचा उपशामक सेवेचा, म्हणजे असाध्य आजारात वेदना कमी करण्याचा, राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांत ज्या १२ सेवा द्यायच्या ठरल्या, त्यांत वृद्ध आणि असाध्य आजाराच्या रुग्णांची सेवा स्पष्टपणे धरली आहे. हिंगोलीत २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ज्या जिल्ह्याला १९९९ पर्यंत स्वतःचं जिल्हा रुग्णालयही नव्हतं, कारण तो परभणीतच होता, त्या जिल्ह्यात आता डॉक्टर घडणार आहेत. मग या महाविद्यालयानं पहिल्या काही वर्षांतच वेदनामुक्तीचा बाह्यरुग्ण विभाग उघडावा, मॉर्फिनची मान्यता घ्यावी, आणि सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा इथल्या सरकारी रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस पथक पाठवावं. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातल्या दोन नर्सना आणि गावागावातल्या आशाताईंना जखम धुण्यापासून तोंड पुसण्यापर्यंतचं शिक्षण द्यावं. आशाताई गरोदर बाईच्या घरी जातात, बाळाच्या घरी जातात. मरणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरीही त्यांना जाऊ द्या. मात्र त्याचा मोबदला द्या, फुकट राबवू नका.

लोक म्हणतील, ज्या दवाखान्यात डॉक्टरांची जागा रिकामी आहे, तिथे हे कुठून होणार? मी म्हणते, याच कारणानं हे व्हायला हवं. हे काम मुख्यतः नर्सचं आणि घरच्यांचं आहे. डॉक्टरनं गोळी ठरवून द्यायची असते. काही जण म्हणतील, गोळ्यांची चोरी होईल, व्यसन लागेल. आम्हाला प्रत्येक गोळीचा हिशेब ठेवायला लावला होता. माय गेल्यावर उरलेल्या गोळ्या आणि रिकाम्या पट्ट्याही परत द्यायच्या होत्या, त्या दिल्या. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या गोळीची व्यसनाशी गल्लत करू नका. व्यसनाच्या भीतीनं मरणाऱ्या बाईला ओरडत ठेवणं हा अन्याय आहे.

माणसांचा प्रश्न राहतो. त्याचं उत्तर आपल्या गावातच आहे. नामदेव महाराजांची नर्सी आमच्याच जिल्ह्यात. गावोगाव हरिनाम सप्ताह होतात. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा खाली ठेवायचा नाही म्हणून माणसं तासातासाचा पहारा वाटून घेतात. रात्री दोनच्या पहाऱ्यालाही कोणीतरी उठतंच. तसाच पहारा एखाद्या पडलेल्या माणसाच्या खाटेजवळ लावता येईल. रात्रभर जागणाऱ्या लेकीला किंवा सुनेला दोन तास झोप मिळेल. सेवा करणाऱ्या बाईचं अंग किती मोडतं, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. भेटायला या, पण मोसंबी आणण्यापेक्षा दोन तास बसायला या.

भेटायला येणाऱ्यांना आणखी एक विनंती आहे. शेवटच्या दिवसांत मायनं खाणं सोडलं, पाणीही नको झालं. तेव्हा येणारा-जाणारा म्हणायचा, "सलाईन तरी लावा, उपाशी मारता का?" शरीर बंद व्हायला लागलं की त्याला अन्न-पाणी नको होतं. तेव्हा जबरदस्तीनं चढवलेली सलाईन पायावर सूज आणते, छातीत पाणी वाढवते. हे मला नर्सनं आधी समजावलं होतं, म्हणून मी ठाम राहू शकले. जिला कोणी समजावलं नाही, ती बिचारी लोकलाजेखातर सुई टोचू देते. शेवटी कोणते उपचार नकोत, हे माणसाला आधीच लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ही मुभा दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. हे गावात कोणाला माहीत नाही. तलाठ्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांनी ते सांगायला हवं.

आणि आता घरच्यांबद्दल. माणूस गेल्यावर तेरा-चौदा दिवसांत घर रिकामं करायची आपल्याकडे घाई असते. कारण साधं आहे: भावांची सुट्टी तेवढीच. रडणं चालू असतानाच पेट्या उघडतात. वहिनीला वाटतं नणंदेनं काही नेलं, नणंदेला वाटतं वहिनीनं लपवलं. भंगारवाला ओसरीवर वजनकाटा लावून बसलेला असतो. या घाईत वस्तू जातात, कागद जातात आणि नातीही जातात. त्या दिवसांत घराला फक्त कुलूप लावा. वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, तेवढी वेळेत द्या. बाकीची भांडी, कपडे, पेट्या वर्षश्राद्धापर्यंत थांबू शकतात.

पण त्याहून चांगलं म्हणजे माणूस असतानाच, त्याच्यासमोर हे करावं. आमच्याकडे याला अभद्र समजतात. 'अजून जीव आहे आणि वाटण्या चालल्या' असं बोलतात. माझा अनुभव वेगळा आहे. मायच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत जे समाधान होतं, ते मी तिच्या चांगल्या दिवसांतही क्वचित पाहिलं होतं. तिचं सगळं तिच्या हातानं मार्गी लागत होतं. पाठीमागे, कुजबुजीत, तिला न विचारता केलेली वाटणी अभद्र. तिच्या समोर, तिच्या शब्दानं केलेली वाटणी हा तिचा मान आहे.

तेव्हा ज्यांच्या घरात म्हातारं किंवा आजारी माणूस आहे, त्यांनी आजच त्याच्याजवळ बसावं आणि विचारावं. तुला कुठे दुखतंय? तुझं कोणाचं काही देणं-घेणं राहिलंय का? हे कागद कशाचे? कोणती वस्तू कोणाला द्यायची? शेवटी दवाखान्यात न्यायचं की घरीच राहायचं? पाचच प्रश्न आहेत. उत्तरं वहीत लिहून ठेवा, मुलं आणि मुली दोघांसमोर वाचून दाखवा.

आणि हिंगोलीच्या आरोग्य यंत्रणेला, वैद्यकीय महाविद्यालयाला, आमच्या आमदार-खासदारांना माझी मागणी आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'खूप दुखतंय' असं आलं, तर सेनगावच्या माणसाला पुण्याची गाडी शोधावी लागू नये. ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात ती गोळी असावी आणि ती द्यायला शिकलेली नर्स असावी. दर निवडणुकीत आमच्याकडे रस्त्याची आणि पाण्याची आश्वासनं येतात. आता मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी मॉर्फिनबद्दल विचारणार आहे, आणि माझ्यासारख्या ज्यांनी आपल्या माणसाला कण्हताना ऐकलं आहे, त्या सगळ्यांनी ते विचारावं.